आप्तेष्टांमधले इष्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली, तेव्हा छापखान्यातला मुलगा म्हणाला, "आजी, 'आप्तेष्ट' काढून 'नातेवाईक' घालूया का? अर्थ तोच." माझ्या सुनेनेही मान डोलावली. म्हणून हे पत्र.

अर्थ तोच नाही. आप्त म्हणजे मिळालेले, रक्ताने नाहीतर सोयरिकीने. इष्ट म्हणजे आपल्याला हवे असलेले. 'इष्' म्हणजे इच्छिणे, इष्टदैवतातला तोच हा इष्ट. आप्त अधिक इष्ट हा गुणसंधी मी शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवला. संधीत इष्ट बुडाले आणि लोकांच्या लेखी नुसते आप्त उरले.

कोकणीत मात्र तो शब्द अजून स्वतःच्या पायावर उभा आहे. मित्र तो इश्ट, मैत्री ती इश्टागत. गोव्यात शिवोलीला आमच्या शेजारचे ख्रिस्ती तियू (तियू म्हणजे काका, आम्ही मुलं त्यांना तसंच म्हणायचो) गोव्यातल्याच पिलारहून निघणारं रोमी म्हणजे रोमन लिपीतलं कोकणी 'वावराड्यांचो इश्ट' घ्यायचे. कष्टकऱ्यांचा मित्र म्हणवणारं हे साप्ताहिक 1933 सालापासूनचं. बाबांना रोमी लिपी येत नसे, म्हणून तियू बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, बसून ते मोठ्याने वाचून दाखवायचे. मग बाबा त्यांना आपलं मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. चवथीला गणपतीवर फळंपानं टांगायच्या आमच्या माटोळीचं तोरिंग (पपनस) त्यांच्या परसातून येई, नाताळात नेवऱ्या (करंज्या) आणि दोदोल ही गूळ-नारळाची मिठाई भरलेलं ताट येई. ते ताट आईने कधी रिकामं परत पाठवलं नाही.

तियू वारले त्या दिवशी बाबांनी घरात चूल पेटवू दिली नाही. "तुम्हांला कसलं सुतक?" असं कुणीतरी विचारलंच. बाबा एवढंच म्हणाले, "तो माझा इष्ट होता."

माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे लग्नाच्या, दुखवट्याच्या जाहिराती येतात. मजकुरात 'आप्तेष्ट' असेल, तर त्याचं 'नातेवाईक' करू नये. जमल्यास 'आप्त व इष्ट' असं सुटं छापावं. एका शब्दाची जागा जास्त जाईल, पण शेजारचं घर त्यात मावेल.

पत्रिकेत मी तसंच छापून घेतलं. पहिली प्रत ग्रामदेवतेपुढे ठेवली, दुसरी तियूंच्या सुनेच्या हातात दिली. तिने सावकाश वाचली, 'इष्ट'वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे आमी, न्हय?"

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शिवोली, बार्देश