मटणातले बीजाणू आणि तपासणीचा अहवाल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मटण-चिकनच्या तपासणीचा विषय निघाला की ‘जंतू सापडले का’ एवढ्यावरच चर्चा थांबते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपे, रस्सा उकळला तरी तग धरू शकतात, त्यामुळे ते वेगळे मोजावे लागतात.

25 ग्रॅम मांस 225 मिली निर्जंतुक पेप्टोन पाण्यात (नमुना पातळ करायचा द्रव) घुसळायचे. त्यातले 10 मिली नळीत घेऊन 80 अंशांवर 10 मिनिटे ठेवायचे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात गार करायचे. साध्या (वाढत्या, कवच नसलेल्या) पेशी मरतात, बीजाणू उरतात. गफलत होते ती इथेच. वॉटर बाथ (नळ्या ठेवायचे गरम पाण्याचे भांडे) 80 दाखवतो, पण नळीतले मिश्रण अजून तिथवर पोचलेले नसते. तेवढेच मिश्रण भरलेल्या दुसऱ्या नळीत थर्मामीटर ठेवावा आणि तो 80 वर गेल्यावरच वेळ धरावी. बाथमधले पाणीही मिश्रणाच्या पातळीच्या वर हवे, नाहीतर नळीला वर चिकटलेल्या पेशी वाचतात आणि बीजाणू म्हणून मोजल्या जातात.

पुढे हे मिश्रण टीएससी अगारात (सल्फाइट आणि सायक्लोसेरीन हे प्रतिजैविक असलेले, जंतू वाढवायचे माध्यम) घालून ऑक्सिजनविरहित बरणीत 37 अंशांवर 20 ते 24 तास ठेवायचे. सायक्लोसेरीन उष्णतेने निकामी होते, म्हणून ते ऑटोक्लेव्हनंतर (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर), अगार 50 अंशांपर्यंत उतरल्यावरच घालावे. जंतूंच्या काळ्या वसाहती (ठिपके) दिसल्या तरी खात्रीची चाचणी टाळू नये. सल्फाइटमुळे काळे पडणारे इतरही जंतू आहेत.

‘ग्रॅममागे 10 पेक्षा कमी’ म्हणजे शून्य नव्हे. दहापट पातळ मिश्रणाचा 1 मिली प्लेटवर घेतला, तर त्याखाली मोजताच येत नाही. नमुना गोठवून पाठवला असेल तर साध्या पेशी बऱ्याच मरतात आणि मांस आहे त्याहून स्वच्छ दिसते.

हा जंतू मातीत आणि जनावरांच्या आतड्यात असतोच. त्यामुळे कच्च्या मटणात थोडे बीजाणू निघाले म्हणून लगेच खाटकाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. आजार व्हायला साधारणपणे ग्रॅममागे दहा लाखांच्या आसपास पेशी लागतात, आणि ती वाढ होते शिजवल्यानंतर. कंदुरीचे मोठे पातेले झाकून रात्रभर तसेच ठेवले की ते तासन्‌तास कोमट राहते, आणि 43 ते 47 अंशांत हा जंतू झपाट्याने वाढतो. रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांत 21 अंशांवर आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर आणावा.

नाशिकमधल्या नमुन्यांचे निष्कर्ष छापताना उष्णता दिली होती का, किती अंश व किती मिनिटे, आणि नमुना गोठवलेला होता का, एवढे तरी अन्न व औषध प्रशासनाकडून विचारून द्यावे, ही विनंती.

— अन्नतपासणी क्षेत्रातील वाचक, नाशिक