नोव्हेंबरचं तिकीट काढू नका

आइंडहोवन, नेदरलँड्स
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "ओवीला पाळणाघरातून काढ, आम्ही नोव्हेंबरात येतो." त्यावर बाबांनी विचारलं, की पाळणाघरासाठी इथल्या सरकारचे पैसे घेतल्यावर तुमच्या इथं राहण्यावर काही बालंट तर येणार नाही ना. दोन्हीची उत्तरं फोनवर नीट देता आली नसती, म्हणून लिहिते आहे.

आधी आईचं. आई, तू ये, पण ओवीला सांभाळायला म्हणून येऊ नकोस. तुमच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. नोव्हेंबरात आलात तर फार तर फेब्रुवारीपर्यंत परत जावं लागेल, आणि तोवर पाळणाघरातली ओवीची जागा गेलेली असेल. ती जागा मी पोटुशी असतानाच नाव नोंदवून मिळवली आहे. इथं नाव नोंदवून महिनोन्‌महिने थांबणारे आईबाप कितीतरी आहेत. शिवाय नोव्हेंबरात इथं संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो, पाऊस आणि वारा असतो. तुझा गुडघा आणि आमचा उभा डच जिना मला चांगला आठवतो. तू ओवीला कडेवर घेऊन तो चढायचीस, तेव्हा मी खाली श्वास रोखून उभी असायचे.

आता बाबांचं. बाबा, हे दान किंवा निराधार योजना नव्हे. आईबाप दोघांनाही नोकरी करता यावी म्हणून हा देश पाळणाघराच्या फीचा वाटा उचलतो. २००५ पासून त्याचा स्वतंत्र कायदा आहे. कंपन्यांकडूनही या खर्चासाठी सक्तीची वर्गणी घेतली जाते. कामाच्या परवान्यावर कायदेशीर राहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हा हक्क आहे. मुख्य अट ही, की आई आणि वडील दोघंही नोकरी, धंदा किंवा शिक्षण करत असले पाहिजेत. इथल्या भाषेचा आणि समाजाचा जो सक्तीचा अभ्यासक्रम असतो, तोही चालतो. नवरा कामाला आणि बायको घरी असेल तर एक सेंटही मिळत नाही. नोकरी गेली तर मात्र लगेच बंद होत नाही, तीन महिने पैसे चालू राहतात, म्हणजे तेवढ्यात दुसरी शोधता येते. समीरच्या कंपनीत सध्या माणसं कमी करायचं चाललंय, त्यामुळे हा नियम वाचून मला बरं वाटलं.

तुम्हाला आकड्यांशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून हिशोब देते. ओवी सोमवार, मंगळवार आणि गुरुवार जाते. बुधवारी मी घरी असते. शुक्रवारी समीर असतो, पालकत्व रजेतला एकेक दिवस तो असा दर आठवड्याला घेतो. पाळणाघराचा दिवस ११ तासांचा धरतात. म्हणजे आठवड्याला ३३ तास, महिन्याला सरासरी १४३. आमच्या पाळणाघराचा दर तासाला ११.२० युरो, म्हणून बिल येतं साधारण १,६०० युरो. पण सरकार यंदा, म्हणजे २०२५ साठी, तासाला १०.७१ युरोपर्यंतच दर मानतं. वरचे ४९ सेंट पूर्ण आपल्या खिशातून, ते महिन्याला ७० युरो होतात. मान्य दरावर मग उत्पन्नाप्रमाणे टक्के लागतात. अगदी कमी उत्पन्न असेल तर ९६ टक्क्यांपर्यंत सरकार देतं, पगार वाढत जाईल तसे टक्के उतरतात. महिन्याला एका मुलामागे २३० तासांची मर्यादा आहे, आपण त्याच्या खूप खाली आहोत. दुसरं मूल पाळणाघरात असेल तर त्याला टक्के जास्त. (आई, या वाक्यातून काही अर्थ काढू नकोस.)

अर्ज घरबसल्या ऑनलाइन झाला. इथं प्रत्येकाचा एक नागरिक क्रमांक असतो आणि डिजिडी नावाचं सरकारी लॉगिन असतं. त्यातून आत जाऊन पाळणाघराचा नोंदणी क्रमांक, करारातले तास, दर आणि आम्हा दोघांचं वर्षाचं अंदाजे उत्पन्न भरलं. पाळणाघर सरकारी नोंदवहीत असलंच पाहिजे. शेजारणीकडे मूल ठेवलं आणि पैसे दिले, तर त्यावर काही मिळत नाही. मुदतही कडक आहे. पाळणाघर ज्या महिन्यात सुरू झालं, त्यानंतरच्या तीन महिन्यांत अर्ज गेला पाहिजे. उशीर झाला तर मागचे महिने बुडाले. बाबा, उत्पन्नाचे दाखले घेऊन तहसील कचेरीत तुमच्या टेबलापुढे उभी राहणारी माणसं मला फॉर्म भरताना फार आठवली. तुम्ही त्यांना तारीख तीन-तीनदा सांगायचात, मी आता इथल्या नव्या मराठी जोडप्यांना सांगते.

आजी-आजोबांनी सांभाळलं तर त्याचे पैसे मिळतील का, असं आईनं मागं विचारलं होतं. नियमात तशी सोय आहे, पण आजीनं त्यासाठी नोंदणीकृत सांभाळकर्ती व्हावं लागतं. त्याचं शिक्षण, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, चारित्र्याचा दाखला आणि संस्थेमार्फत करार, एवढं सगळं लागतं. इथं कायम राहणाऱ्या आज्यांना ते जमतं. पाहुण्या व्हिसावर कामच करता येत नाही, तेव्हा तो विषय सोडून दे.

अमृता तुम्हाला आठवत असेल, ओवीच्या बारशाला पुरणपोळ्या घेऊन आली होती ती. ती सीमेपलीकडे बेल्जियममध्ये लोमेलला राहते. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरीला रोज आइंडहोवनला येतात. तिलाही नेदरलँड्सचं हेच अनुदान मिळतं, कारण हक्क नोकरीच्या देशाशी जोडलेला आहे. मात्र तिचं बेल्जियममधलं पाळणाघर आधी परदेशी पाळणाघरांच्या डच नोंदवहीत चढवावं लागलं. बेल्जियमकडून काही मदत मिळत असेल तर तीही कळवावी लागते. तिला माझ्यापेक्षा दुप्पट कागद लागले, पण मिळालं.

आता या अनुदानावरून झालेल्या अन्यायाबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंत ते. बाबा, ते खरं आहे, आणि मी ते हलक्यानं घेत नाही. याच अनुदानात या देशानं हजारो आईबापांना लबाड ठरवलं. कुठं एक सही राहिली, कुठं स्वतःच्या वाट्याची थोडी रक्कम भरायची राहिली, एवढ्यावरून सबंध वर्षाचं अनुदान परत मागितलं गेलं. लोकांवर लाखांची कर्जं चढली, घरं गेली, संसार मोडले. या कुटुंबांतल्या हजाराहून जास्त मुलांना घराबाहेर ठेवलं गेल्याचं सरकारी आकडेवारीतच आलं. सगळ्यात वाईट म्हणजे दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडे जास्त संशयानं पाहिलं गेलं. संसदेच्या समितीनं डिसेंबर २०२० मध्ये त्याला 'अभूतपूर्व अन्याय' म्हटलं आणि १५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे पंतप्रधान रुट्टे यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. बाधित आईबापांना निदान ३० हजार युरो देण्याचं ठरलं, पण भरपाईचं काम अजून पुरं झालेलं नाही. माझ्या मते ज्या बाईचं मूल वाढताना ती कर्जवसुलीची पत्रं उघडत बसली, तिची ती वर्षं कुठल्याच रकमेनं भरून येणार नाहीत.

तरीही मी अर्ज केला. ज्यांना छळलं, त्यांनीही हक्काचंच मागितलं होतं. ते न मागणं हा त्यावरचा इलाज नाही. आता एका चुकीवरून सगळंच परत मागायचं, हा कायद्याचा अर्थ इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानंच २०१९ मध्ये बदलला आहे. पण काळजी मी पुरी घेते. दर महिन्याला येतो तो आगाऊ हप्ता असतो, खरा हिशोब वर्ष संपल्यावर आयकराच्या आकड्यांवरून होतो. म्हणून उत्पन्नाचा अंदाज मी जरा वरच धरला आहे, मागाहून थोडे मिळाले तर चालतील, परत द्यायची वेळ नको. तास बदलले, पगार वाढला, तर चार आठवड्यांच्या आत कळवायचं असतं. करार, बिलं, बँकेची नोंद आणि पाळणाघराचं वार्षिक पत्रक, सगळं एका फाईलमध्ये लावते. पाळणाघराचं बिल आधी आमच्या खात्यातून पूर्ण भरलं जातं. सगळ्यांना एकाच टक्क्यानं आणि थेट पाळणाघरालाच पैसे देण्याची घोषणा सरकारनं कधीच केली आहे, पण तारीख पुढं पुढं जाते आहे. ते झालं तर या परतफेडीच्या धाकातून आईबाप सुटतील, आणि ते लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आई, एक बोलायचं राहिलं होतं. दादा झाल्यावर तू शाळेतली नोकरी सोडलीस. कराडात तेव्हा ठेवायला जागा नव्हती, आजी अंथरुणाला खिळलेल्या, आणि बाबांच्या पगारात बाई ठेवणं शक्य नव्हतं. तू कधी तक्रार केली नाहीस. पण दर जूनमध्ये शाळा सुरू झाली, की तू आमच्या वह्यांना कव्हरं घालताना गप्प असायचीस, ते मला मोठेपणी कळलं. पुण्यात वहिनी आज तेच गणित मांडते आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीनं पाळणाघराची सोय करावी, असा कायदा आपल्याकडे २०१७ मध्ये झाला, पण तिची कंपनी छोटी, म्हणून सगळी फी तिच्याच पगारातून जाते. मला इथं जे मिळतं ते तुला मिळायला हवं होतं. वहिनीला तर आज मिळायला हवं.

ओवी पहिल्या आठवड्यात रडली. आता सकाळी तिथल्या मावशीकडे हात पसरते. ती मावशी डच बोलते आणि ओवीला 'बाळा' म्हणायला शिकली आहे.

तुम्ही एप्रिलमध्ये या, ओवीच्या वाढदिवसाला. तेव्हा ऊन असतं. तिच्या पाळणाघराच्या दिवशी तुम्ही दोघं फिरा, झोपा, बाबांनी कालव्याकाठी चालावं. तिला साडेपाचला आणायला आपण बरोबर जाऊ. व्हिसाचे कागद जानेवारीतच सुरू करा. प्रवासाचा वैद्यकीय विमा निदान ३० हजार युरोचा हवा. आईच्या गुडघ्याचे रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि बाबा, एचबीएवनसी ही साखरेची तपासणी या महिन्यात नक्की करून घ्या. फराळ पाठवला असेल तर पार्सलचा नंबर कळवा.

तुमची,
मंजू