घरच्या नर्सिंगचा दावा 'वैयक्तिक देखभाल' म्हणून नाकारल्याबाबत

नागपूर, 14 ऑगस्ट 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : होम नर्सिंग रायडर (पॉलिसीला वेगळ्या हप्त्यावर जोडलेले जादा संरक्षण) व डिस्चार्जनंतरच्या खर्चाचा नामंजूर दावा

महोदय,

पक्षाघाताच्या उपचारांनंतर 11 एप्रिल रोजी डिस्चार्ज मिळालेल्या माझ्या आईच्या (वय 71) नर्सिंगचे 36,000 आणि फिजिओथेरपीचे 7,200 रुपये आपण नाकारले आहेत. 1 ऑगस्टच्या पत्रात नर्सिंगबद्दल एवढेच कारण आहे : 'अपवर्जन 05, वैयक्तिक देखभाल'.

हे अपवर्जन, म्हणजे पॉलिसीतून वगळलेली बाब, आंघोळ, कपडे, उठबस अशा मदतीच्या खर्चासाठी आहे. ती मदत प्रशिक्षित नर्सने केली तरी पैसे मिळत नाहीत, हेही त्यात लिहिले आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. म्हणूनच त्या कामांना आया वेगळी ठेवली आणि तिची एकही पावती दाव्यात जोडली नाही. प्रश्न काम कोणी केले हा नसून काम कोणते होते हा आहे.

नर्सची कामे डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी लिहून दिली आहेत. राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) फीड, म्हणजे पातळ अन्न, देण्याआधी प्रत्येक वेळी नळी जागेवर असल्याची खात्री करणे, डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचलून फीड देणे आणि नंतरही काही वेळ तशीच ठेवणे. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) निगा आणि लघवीचे मोजमाप. माकडहाडावरच्या बेडसोरचे ड्रेसिंग. यात चूक झाली तर फीड फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, जखम चिघळते, आणि रुग्ण पुन्हा आयसीयूत. मग तो खर्च आपल्यालाच द्यावा लागेल. याला वैयक्तिक देखभाल म्हणायचे, तर ज्या होम नर्सिंग रायडरचा वेगळा हप्ता आपण घेता, त्यात उरते काय? नर्स जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) शिकलेली आहे आणि तिच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची प्रत, रोजच्या नोंदींचा तक्ता दाव्यासोबतच दिला आहे. रायडरची मर्यादा डिस्चार्जनंतर 30 दिवस. 12 तासांच्या पाळीचे रोज 1,200 रुपये, म्हणून 36,000.

फिजिओथेरपीत तर हिशेबच चुकला आहे. पॉलिसीप्रमाणे डिस्चार्जनंतरचा खर्च 60 दिवस मिळतो आणि ते दिवस डिस्चार्जपासून, म्हणजे 10 जूनपर्यंत मोजायचे. आपण ते 26 मार्चपासून, भरतीच्या तारखेपासून मोजले आणि 25 मे नंतरची 12 सत्रे (प्रत्येकी 600) कापली.

नर्सिंग ब्युरोच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही, ही हरकत तोंडी कळवली गेली. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. पडताळणीसाठी रुग्णाला नागपुरातल्या सदर भागातील कार्यालयात आणा, हा निरोप तर नाकात नळी असलेल्या माणसासाठी होता! पडताळणी घरी येऊन करावी.

जर्मनीत 1995 पासून आणि जपानमध्ये 2000 पासून दीर्घकालीन काळजीचा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. आपल्याकडे तसे काही नाही, म्हणून तर रायडर घेतला.

विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे दावा नाकारण्याआधी विमा कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटीची किंवा तिच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि नकाराच्या पत्रात पॉलिसीची नेमकी अट द्यावी लागते. त्या मंजुरीची प्रत पाठवावी. 'रायडरचे अमुक कलम' असा उल्लेख आपल्या पत्रात कुठेच नाही.

43,200 रुपये बँक दराहून 2 टक्के जास्त व्याजासह द्यावेत आणि या तक्रारीवर 14 दिवसांत लेखी निर्णय कळवावा. तीच तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंदवत आहे. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल, पुणे यांच्याकडे अर्ज करीन.

सोबत : डिस्चार्ज समरी, नर्सच्या नोंदींचा तक्ता, नोंदणीची प्रत, बिले, नकाराचे पत्र.

आपला,
विमाधारक