सुन्या, बंड्याबद्दल लिहितोय

प्रिय सुन्या,

इकडे सगळे ठीक, आईचे गुडघे तसेच. बंड्याचं तुला कळलं असेल पण अर्धवटच, म्हणून फोन न करता लिहितोय, फोनवर तू मधेच बोलतोस.

करीच्या दिवशी येवल्यात बाईकवरून येताना मांजा आडवा आला. नायलॉनचाच. २०१७ मध्ये हरित लवादाने देशभर बंदी घातली तरी दरवर्षी मिळतोच, डोकं फिरतं माझं! मानेला डाव्या बाजूला बोटभर चीर. एका दवाखान्यात टाके घातले, रक्त थांबलं आणि घरी पाठवलं. रात्री मस्त जेवला, वर म्हणे सुन्याला सांगू नका, लेक्चर देईल.

सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटला, तोंड वाकडं झालं आणि बोलायला गेला तर नुसतं "ते... ते..." तसंच नाशिकला पळवलं. मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ केला तेव्हा कळलं की धागा आत कॅरोटिडपर्यंत, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीपर्यंत पोचला होता. धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तिथे गुठळी धरली आणि तिचा तुकडा मेंदूच्या डाव्या भागात जाऊन अडकला. म्हणून उजवी बाजू गेली आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले असा स्ट्रोक जखमेनंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही येतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात, पण मानेची जखम ताजी, रक्तस्रावाची भीती, म्हणून तेही नाही. मला एवढंच खातंय, पहिल्याच दिवशी तो अँजिओ कुणी का नाही केला? मानेची चीर लहान दिसते म्हणून टाके घालून सोडायची नसते रे.

आता पाय बराच उचलतो, हात अजून नाही. त्याला कळतं सगळं, शब्दच सापडत नाही. पाणी हवं असेल तर तांब्याकडे बघत बसतो आणि चिडतो. पण परवा काकूंनी दिवा लावून शुभंकरोती सुरू केलं तर पठ्ठ्या शेवटपर्यंत खणखणीत म्हणाला! काकू रडायलाच लागल्या. स्पीच थेरपीवाल्या मॅडम म्हणतात पाठ असलेलं असं निघतं कधीकधी, स्वतःचं वाक्य जुळायला वेळ लागतो. शिव्याही निघतात, फिजिओवाल्याला अशी एक हासडली की तू असतास तर टाळी दिली असतीस.

तुमचं ते मांजा गुंडाळायच्या आसारीवरून सुरू झालेलं आणि पैशावर गेलेलं भांडण, कोण बरोबर हे मी तेव्हाही बोललो नाही, आताही नाही. पण तुझा जुना फोटो दाखवला तर डाव्या हाताने मोबाईल ओढूनच घेतला त्याने, सोडेना.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिनूच्या दहावीचं काय? वहिनींना नमस्कार.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल कर, मी तिथेच असेन. हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असंच विचार, त्याला शब्द सुचला नाही तर तू पुढे होऊन सांगू नकोस, थांब जरा. आणि पैशाचा विषय काढू नकोस.

तुझा,
दिल्या