लोणच्याला बुरा का धरला?

प्रिय सुहास,

पत्र पोचलं. तेल सढळ घालूनही लोणच्याला बुरा आला म्हणतोस, आणि आता आणखी ओतू का, असं विचारतोस. ओतू नकोस. तेल फक्त हवा अडवतं. फोडींतलं पाणी आहे तिथेच राहतं.

बुरशीची बीजं हवेत कायम असतात, बरणीत ती पडणारच. त्यांना रुजायला मोकळं पाणी लागतं, म्हणजे मीठ-साखरेने धरून न ठेवलेलं. हे मोकळं पाणी मोजताना शुद्ध पाण्याला 1 धरलं, तर बहुतेक जिवाणू 0.91 च्या खाली वाढत नाहीत. बुरशा मात्र साधारण 0.80 पर्यंत तग धरतात, काही चिवट त्याच्याही खाली. म्हणून ताजी भाजी सडते, आणि लोणचं, मुरंबा, पापड यांना बुरा येतो. मीठ विरघळेनासं होईल इतकं खारं पाणी 0.75 वर येतं. तू पथ्य म्हणून मीठ कमी केलंस, तिथेच घात झाला.

किलोभर फोडींना 150 ते 200 ग्रॅम मीठ हवंच. खडेमीठ कढईत भाजून घे, तेही ओल धरतं. कैऱ्या धुऊन, पुसून, फडफडीत कोरड्या झाल्यावरच चिर. फोडींना निम्मं मीठ नि हळद चोळून रात्रभर ठेव. सकाळी खार सुटलेला असेल. तो ओतून दिलास तर त्यातलं मीठही जातं, हे बरेच जण विसरतात. तेवढं मीठ मसाल्यात पुन्हा घाल. मग फोडी चार-पाच तास पंख्याखाली कापडावर पसर.

फोडणी पूर्ण गार होऊ दे. कोमट लोणचं भरून झाकण लावलंस की बरणीच्या खांद्यावर आतून बारीक थेंब जमतात. त्या थेंबांत मिठाचा कणही नसतो, आणि पांढरा ठिपका बहुधा तिथेच पहिला दिसतो. दोन-तीन दिवस नुसता दादरा बांध. आठवडाभर रोज कोरड्या डावाने खालवर कर. फोडी तेल पितात, पातळी उतरते आणि वरची फोड उघडी पडते. तेल फोडींच्या वर बोटभर दिसेपर्यंत घाल, तेही तापवून गार केलेलं.

आताची बरणी टाकून दे. वरचा बुरा काढून खाली चांगलं आहे असं समजू नकोस, तंतू आत गेलेले असतात. बुरा आलेले शेंगदाणे तर भाजूनही वापरू नकोस; त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, आणि घरच्या भाजण्याने ते पुरतं जात नाही.

बरणी कढत पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात ठेव. झाकणाची रबरी रिंग वेगळी काढून धू, तिच्या खाचेत ओल राहते. ऊन नसेल तर पुसलेली बरणी रात्रभर पंख्याखाली उपडी नको, आडवी ठेव, म्हणजे आतली वाफ बाहेर पडेल.

तुझा,
अनिल