दोऱ्याने मोजलेलं अंतर

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

सुखरूप पोचलो. झोपेचं गणित अजून जुळलेलं नाही, रात्री तीनला टक्क जागा असतो. म्हणून हे पत्र.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, विमान सायबेरियावरून कशाला गेलं, वाट चुकलं की काय! तुम्ही भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टी ठेवून मारलेली रेघ मला आठवते. अरबस्तान, सहारा, अटलांटिक आणि मग आडवी अमेरिका. दिसायला अगदी सरळ. पण खरंच त्या रेघेवरून उडालं तर अंतर १९,००० किलोमीटरच्या आसपास भरेल.

ताईच्या लेकीचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. एक टोक मुंबईवर, दुसरं इथे, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकेल: काराकोरम, सायबेरिया, आर्क्टिक महासागरात ७६ अंश उत्तरेच्याही थोडा वर, मग अलास्का, कॅनडाचा किनारा आणि खाली इथे. हे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. साडेपाच हजारांची बचत!

दोष पट्टीचा नाही, नकाशाचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. ६० अंश उत्तरेला तो निम्मा होतो. सपाट नकाशा मात्र दोन्हीकडे तो सारख्याच रुंदीचा दाखवतो. म्हणून तर त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

अर्थात विमानही दोऱ्यावरून काटेकोर जात नाही. तिबेटचं पठार शक्यतो टाळतात, कारण केबिनमधला दाब गेला तर झटकन दहा हजार फुटांवर उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच. कुठल्या देशाचं आकाश बंद असेल तर वेगळा वळसा. आणि वारा! २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून इथे यायला अटलांटिकऐवजी पॅसिफिकची वाट धरली. अंतर १४०० किलोमीटर वाढलं, १५,३०० झालं, तरी विमान सुमारे दोन तास आधी पोचलं. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते पाठीशी मिळाले. मला हे वाचून तुमची आठवण झाली. तुम्हीही गर्दीचा जवळचा रस्ता सोडून लांबून जाता आणि आमच्या आधी पोचता.

आईला यातलं काही सांगत बसू नका. तिला किलोमीटर नको असतात, तास हवे असतात. तिला एवढंच सांगा की घरी येताना वारा समोरून असेल, म्हणून थोडा जास्त वेळ लागेल. उगाच काळजी करत बसू नको म्हणावं.

तुमचाच,
धाकटा