विसाच्या भावातला इंटेल

पुणे, १२ ऑगस्ट २०२४

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

"इंटेल २० डॉलरला मिळतोय, आठ लाख टाकू का?" अमेरिकी चिप कंपनीच्या शेअरबद्दलच्या एवढ्या एका ओळीच्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देतोय, राग मानू नकोस. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. आठ लाख नकोत. फार तर दोन लाख, तेही आज नाहीत. का, ते आता सांगतो.

१ ऑगस्टला निकाल आले आणि दुसऱ्या दिवशी शेअर २९.०५ वरून २१.४८ वर बंद झाला. एका दिवसात २६ टक्के. तो परत २९ वर जायला आता ३५ टक्के चढावा लागेल. विक्री मात्र काही कोसळलेली नाही. तिमाहीची विक्री १२.८ अब्ज डॉलर, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा १ टक्का कमी. बाजार हादरला तो बाकीच्या गोष्टींनी: १.६ अब्जांचा तोटा, १५ टक्क्यांहून अधिक नोकरकपात, आणि १९९२ पासून चालत आलेला लाभांश चौथ्या तिमाहीपासून बंद. लाभांश २०२३ च्या फेब्रुवारीतच ३६.५ सेंटवरून १२.५ सेंटवर आणला होता. तेवढाही परवडत नाही म्हटल्यावर तिजोरीची अवस्था लोकांना कळली.

"आता आणखी किती पडणार" असं तू लिहिलंयस. हे वाक्य या शेअरच्या बाबतीत जुनं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये निकालानंतर १२ टक्के पडून तो ५० च्या खाली आला, तेव्हाही हेच म्हटलं जात होतं. जुलै २०२२ मध्ये पुन्हा निकाल, पुन्हा घसरण, भाव ३६. जानेवारी २०२४ मध्ये १२ टक्के पडून ४४ च्या जवळ, एप्रिलमध्ये ९ टक्के पडून ३२ च्या खाली. प्रत्येक पायरीवर कुणीतरी पडत्या भावात आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज केलंच असणार. दुसरी बाजूही सांगायला हवी: २०२३ च्या फेब्रुवारीअखेर २५ च्या आसपास ज्यांनी घेतला, त्यांचे पैसे त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुप्पट झाले होते. म्हणजे नुसत्या घसरणीवरून घ्यावं की न घ्यावं, यातलं काहीच ठरत नाही.

मग ठरवायचं कशावरून? पहिली चाचणी अशी: घसरण धंद्याच्या चक्राची आहे की हातातून गिऱ्हाईक निसटल्याची? मेमरी चिप बनवणारी मायक्रॉन २०२३ च्या आर्थिक वर्षात ५.८ अब्ज डॉलर तोट्यात होती. पण तेव्हा सॅमसंग आणि एसके हायनिक्सचीही तीच गत होती. माल साचला होता, भाव पडले होते, साठा उपसला की दिवस पालटतात. अशा मंदीत घेणारा सहसा पस्तावत नाही. इंटेलचं तसं नाही. त्याच एप्रिल-जून तिमाहीत दुसऱ्यांच्या चिपा बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीची विक्री ३३ टक्क्यांनी वाढून २०.८ अब्ज झाली आणि इंटेलची थेट प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीची डेटा सेंटर विक्री दुपटीहून वाढून २.८ अब्ज झाली. इंटेलची डेटा सेंटर विक्री ३ अब्ज, गेल्या वर्षीपेक्षा ३ टक्के कमी. कधीकाळी एएमडी या खात्यात इंटेलच्या खिजगणतीत नव्हती. शेजारच्या दुकानांत झुंबड आणि याच्या गल्ल्यावर माशा, तर दोष बाजाराचा नाही.

दुसरी गोष्ट नीट समजून घे, कारण सगळा जुगार तिथे आहे. इंटेल म्हणजे एका छपराखालचे दोन धंदे: प्रकाशन आणि छापखाना. प्रकाशनाचं, म्हणजे चिपचा आराखडा करून विकण्याचं, बरं चाललंय. पीसीच्या खात्यात ७.४ अब्जांची विक्री, ९ टक्के वाढ. छापखाना, म्हणजे फाउंड्री, याच एका तिमाहीत २.८ अब्ज बुडाला. २०२३ च्या पूर्ण वर्षात ७ अब्ज. फाउंड्रीची विक्री वर्षाला १८.९ अब्ज दिसते म्हणून हुरळून जाऊ नकोस. ती जवळजवळ सगळी घरचीच छपाई आहे, बाहेरच्या गिऱ्हाइकांचे पुरते एक अब्जही नाहीत. आणि गंमत बघ, येत्या महिन्यात बाजारात येणारी लुनार लेक ही लॅपटॉपची चिप इंटेल स्वतःच्या कारखान्यात छापतच नाही. तिचे मुख्य तुकडे टीएसएमसीकडून येतात. प्रकाशकाचं नवं कोरं पुस्तक प्रतिस्पर्ध्याच्या छापखान्यात आणि घरची यंत्रं अर्धी रिकामी.

या यंत्रांवरच सगळे पैसे लागलेत. यंदा कंपनी एकूण २५ ते २७ अब्ज डॉलर भांडवली खर्च करणार आहे. सरकारी मदत आणि भागीदारांचे पैसे वजा जाता ११ ते १३ अब्ज. आणि गेल्या तिमाहीत धंद्यातून प्रत्यक्ष रोकड आली २.३ अब्ज. एवढ्यानं भागत नाही, म्हणून आयर्लंडच्या कारखान्यातला ४९ टक्के वाटा अपोलो या गुंतवणूक कंपनीला ११ अब्जांना दिला, अ‍ॅरिझोनातल्या कारखान्यांत ब्रुकफील्ड या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीला आधीच भागीदार घेतलं होतं. पैसे आले खरे, पण उद्या ते कारखाने चालले तर नफ्यातला मोठा वाटाही त्यांचाच. चढणीचा फायदा सगळा भागधारकाला मिळेल असं गृहीत धरू नकोस.

आता तुझा आवडता मुद्दा: "पुस्तकी मूल्य २७ आणि भाव २०, म्हणजे २६ टक्के सवलत." हिशेब बरोबर आहे. भागधारकांचा निधी सुमारे ११५ अब्ज, शेअर ४.२८ अब्ज, भागाकार २७. पण त्या ११५ मध्ये २७ अब्जांचं गुडविल आहे, म्हणजे कंपन्या विकत घेताना मोजलेली जास्तीची किंमत. ती काढली की शेअरमागे साडेवीस उरतात. सवलत संपली. उरलेल्यात मोठा भाग इमारती आणि यंत्रांचा, १०० अब्जांहून थोडा अधिक. जानेवारी २०२३ पासून कंपनीनं यंत्रांचं आयुष्य ५ ऐवजी ८ वर्षं धरायला सुरुवात केली, त्यामुळे त्या वर्षी घसारा ४ अब्जांहून जास्त घटला. टीएसएमसी आजही ५ वर्षंच धरते. जुन्या पिढीच्या यंत्रांना काम उरलं नाही, तर एखाद्या तिमाहीत ती रक्कम एकदम खर्ची टाकावी लागेल आणि पुस्तकी मूल्यच खाली येईल. ते भावापर्यंत खाली आलं तर सवलत कसली?

अ‍ॅपमध्ये दिसणारा पीई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, तर बघूच नकोस. नेहमीच्या हिशेबानं या तिमाहीत शेअरमागे ३८ सेंट तोटा आहे. कंपनीच्या "सुधारित" आकड्यात तोच २ सेंट नफा होतो, कारण कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर, पुनर्रचनेचा खर्च वगैरे बाजूला काढलेले असतात. कर्मचाऱ्यांना वाटलेले शेअर हा खर्च नाही असं म्हणणाऱ्याला विचार, मग ते कुणाच्या वाट्यातून जातात?

एवढं सगळं असूनही दोन लाख म्हणतोय, त्याचं कारण १८ए. ही इंटेलची पुढची छपाई पद्धत. तिच्यात दोन बदल एकदम आहेत. ट्रान्झिस्टरचा दरवाजा प्रवाहाच्या पट्टीला चारही बाजूंनी वेढतो, आणि वीज पुरवणाऱ्या तारा वेफरच्या, म्हणजे जिच्यावर चिपा छापतात त्या सिलिकॉनच्या चकतीच्या, पाठीमागून येतात. आजवर संदेशाच्या आणि विजेच्या तारा एकाच बाजूला दाटीवाटीनं असायच्या. आता पुढची बाजू तयार झाली की वेफर दुसऱ्या वेफरवर पालथी चिकटवायची, पाठ घासून अगदी पातळ करायची आणि तिथून वीज आत न्यायची. जमलं तर वेग वाढतो, वीज वाचते. घासताना किंवा जोडताना गडबड झाली तर यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या चिपांचं प्रमाण, जातो.

हा यील्ड एकदा आकड्यात बघ. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर १ चौरस सेंटिमीटरच्या चिपा धरल्या तर काठ सोडून साधारण ६०० बसतात. चौरस सेंटिमीटरला सरासरी १ दोष असेल तर त्यातल्या सुमारे ३७ टक्के, म्हणजे २२० चांगल्या निघतात. दोष ०.४ वर आणले तर ६७ टक्के, ४०० निघतात. वेफरचा खर्च तोच, विकायला माल जवळजवळ दुप्पट. सर्व्हरची चिप चौपट मोठी असेल तर ०.४ दोषांवरही जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो, म्हणून ती तुकड्यांत करून जोडतात. इंटेलचा नफा-तोटा या एका आकड्यावर लटकलाय. बाकी सगळी भाषणं.

गेल्या आठवड्यात कंपनीनं सांगितलं की १८ए वर बनवलेल्या पँथर लेक (पीसीची) आणि क्लिअरवॉटर फॉरेस्ट (सर्व्हरची) या दोन्ही चिपांवर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाली. चांगलं आहे, पण एक नमुना चालणं वेगळं आणि महिन्याला लाखो नग निघणं वेगळं. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपांचं तू वाचलं असशीलच: जादा व्होल्टेजमुळे त्या कालांतराने अस्थिर होत होत्या, आता मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आणि दोन वर्षं वाढीव वॉरंटी दिलीय. गिऱ्हाइकाचा विश्वास परत मिळवायला पॅच पुरत नाही.

लोक तुला एएमडीचं उदाहरण देतील. २०१५ मध्ये ती २ डॉलरच्याही खाली होती. खरंय. पण एएमडीनं २००९ मध्येच कारखाने वेगळे काढले होते. नंतर गेम कन्सोलच्या चिपांवर तग धरला आणि २०१७ मध्ये झेन ही नवी चिप-रचना आणली. कारखान्याचं ओझं टाकून ती वर आली. इंटेल तेच ओझं डोक्यावर घेऊन चढतेय. निकाल तसाच लागेलही, पण वाट तीच नाही.

तर असं कर. पैसे भावावर नको, घटनांवर टाक. "१७ झाला की अजून घेईन" ही सवय सोड. दोन लाखांचे तीन भाग पाड. पहिला ऑक्टोबरअखेरच्या निकालानंतर: कंपनीनं तिसऱ्या तिमाहीसाठी १२.५ ते १३.५ अब्ज विक्री आणि सुधारित ढोबळ नफा ३८ टक्के सांगितलाय. तो निसटला तर पहिला हप्ताही नाही. दुसरा, १८ए ला बाहेरचं मोठं गिऱ्हाईक मिळाल्यावर. त्यात फसगत अशी की "कराराचं आयुष्यभराचं मूल्य इतके अब्ज" अशा बातम्या येतात. ते धरू नको. आगाऊ रक्कम भरली का, किंवा बाहेरच्या विक्रीचा आकडा तिमाहीच्या अहवालात वाढला का, एवढंच बघ. तिसरा, २०२५ मध्ये पँथर लेक स्वतःच्या कारखान्यातून दुकानात आल्यावर. तोवर भाव ३० झाला असेल तर ३० ला घे. त्या दहा डॉलरात तू माहिती विकत घेतलीस असं समज.

बाहेर कधी पडायचं तेही आजच लिहून ठेव. १८ए दोन तिमाहींनी लांबली, किंवा कंपनीनं पुस्तकी मूल्याखाली नवे शेअर काढले, तर विकून मोकळा हो. कर्ज आधीच ५३ अब्ज आहे, रोकड आणि अल्पमुदतीच्या ठेवी २९.

राहिला पैसे पाठवायचा भाग. आठ लाख एकदम पाठवलेस तर यंदाच्या (२०२४-२५) ७ लाखांच्या मर्यादेवरच्या १ लाखावर २० टक्के, म्हणजे २०,००० रुपये टीसीएस (पैसे परदेशी पाठवतानाचा कर) बँक आधीच कापेल. ते विवरणपत्र भरताना वळते होतात, पण तोवर अडकतात. आणि या ७ लाखांत मनालीच्या परदेशी फीसाठी तुझ्या खात्यातून गेलेले पैसेही मोजले जातात, हे विसरू नको. डॉलर पाठवून "वाट बघत" ठेवायचे नाहीत. न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत परत आणावी लागते, म्हणून हप्त्याच्या वेळीच पाठव. अशा पाठवलेल्या पैशांतून मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरकडून उधार घेऊन, खरेदी चालत नाही, त्यामुळे कुणी ते सुचवलं तर सरळ नाही म्हण. ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन, म्हणजे तू अमेरिकी करदाता नाहीस असं सांगणारा फॉर्म, भर.

कर असा: २४ महिन्यांच्या आत विकलास तर नफा तुझ्या स्लॅबमध्ये, नंतर विकलास तर गेल्या महिन्यातल्या अर्थसंकल्पापासून १२.५ टक्के. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतलेस तर ते जुलै २०२५ च्या विवरणपत्रात यायला हवेत, एक शेअर असला तरी. इथे विसरणाऱ्यांना नोटिसा येतात.

आणि हो, तुझ्याकडे नॅसडॅक १०० चा फंड आहे ना? त्यात इंटेल आधीपासून आहे, चिमूटभर का होईना.

ऑक्टोबरचा निकाल आपल्याकडे मध्यरात्रीनंतर येईल. सकाळी मथळे वाचण्याआधी प्रसिद्धिपत्रकात खाली फाउंड्रीचा तक्ता असतो, तो उघड आणि तोट्याचा आकडा मला कळव. २.८ च्या वर आहे की खाली, तेवढंच.

वहिनींना नमस्कार, मनालीला आशीर्वाद.

तुझा,
माधव